शून्याचं सर्व्हिस बुक

निवृत्त माणसाच्या घरात न मागता दोन गोष्टी साठत जातात. एक औषधाच्या अर्धवट पट्ट्या आणि दुसरे किस्से. पट्ट्यांवर निदान मुदत छापलेली असते!

गारखेड्यातल्या बागेत रोज सकाळी आमचं टोळकं बसतं. एक बँकेतले, एक वीज खात्यातले, एक तहसिलातले. प्रत्येकाकडे आपापल्या साहेबांचे किस्से आहेत. माझी पंचाईत अशी, की मी नोकरीची शेवटची सोळा वर्षं एका मलेरिया संशोधन केंद्रात काढली. त्यामुळे माझ्याकडे साहेब कमी आणि डास जास्त.

केंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. आमचं केंद्र म्हणजे छावणीच्या अलीकडची एक बैठी, कौलारू इमारत. पुढे कडुलिंब, मागे जनरेटर. या इमारतीत ताठे मॅडमनी आयुष्य घालवलं. त्या शास्त्रज्ञ, मी कारकून. त्यांचं संशोधन एका ओळीत सांगता येतं: ज्याला हिवताप पुन्हा पुन्हा येऊन गेला, त्याचं रक्त त्या जंतूला ओळखायला लागतं, ही ओळख रक्त किती वर्षं लक्षात ठेवतं?

एवढ्या एका प्रश्नाला तीस वर्षं लागली, असं मी बागेत सांगितलं, तेव्हा वीज खातेवाले म्हणाले, "मोबाइलवर नव्हतं का सापडत?"

*

मी रुजू व्हायला गेलो तो दिवस. हातात बदलीची ऑर्डर, चेहऱ्यावर नम्रता. मॅडमनी ऑर्डरकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"मलेरिया झालाय कधी?"

"नाही मॅडम."

"लहानपणी? थंडी वाजून ताप?"

"नाही."

"गाव कुठलं?"

"लासूर स्टेशनजवळ. घरची शेती आहे."

"लासूरकडचे, शेतकरी घरातले, आणि मलेरिया नाही! अरे वा! बसा, बसा. चहा घेणार ना?"

सरकारी नोकरीत रुजू होतानाच साहेबाच्या हातचा चहा मिळालेला मी एकटाच असेन. चहाचं कारण आठवड्याने कळलं. दूध तोलायचं तर आधी रिकामं भांडं तोलावं लागतं. तसं, कुणाच्या रक्तात मलेरियाची ओळख किती आहे हे मोजायचं, तर आधी अजिबात ओळख नसलेलं रक्त लागतं. त्याला शून्य धरायचं आणि तिथून पुढे मोजायचं. ते रिकामं भांडं म्हणजे मी.

सुरुवातीला आणखी शून्यं होती. शहरात वाढलेले विद्यार्थी. पण विद्यार्थी टिकत नाहीत. कुणी पुण्याला गेलं, कुणाचं लग्न झालं. एक शून्य जंगलात ट्रेकिंगला गेलं आणि ताप घेऊन परत आलं. मॅडम त्याला भेटायला दवाखान्यात गेल्या, सफरचंदं नेली, आणि परत आल्यावर यादीतून त्याचं नाव काढून टाकलं. शेवटी उरलो मी. वर्षातून दोनदा बाही वर करायची आणि खुर्चीत बसायचं.

आमच्याकडे डासांची देखभाल मुख्तारभाई करायचे. त्यांनी मला मिठी मारून सांगितलं, "भाऊसाब, दफ्तर में सब लोगां कुछ ना कुछ हैं. अकेले आप झिरो!"

*

मुख्तारभाईंच्या ताब्यात आतली खोली होती. तिथं जाळीच्या पिंजऱ्यांमध्ये डास पाळलेले. हे डास निरोगी, पिढ्यान् पिढ्या आमच्याच इमारतीत जन्मलेले. त्यांना ठरावीक ऊब लागे, ठरावीक ओल लागे, आणि कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी लागे. मुख्तारभाई ईदच्या दिवशीसुद्धा नमाज झाल्यावर आधी डासांना साखरपाणी देऊन मग घरच्या शिरखुर्म्याला जायचे.

एका पावसाळ्यात शहरात ताप वाढला आणि धूर फवारणीवाला आमच्या गल्लीत शिरला. पाठीवर यंत्र, नाकाला रुमाल, मागे धुराचे लोट. मुख्तारभाईंनी आवाज ऐकला आणि ते अनवाणी धावत फाटकात जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"ठैरो! इधर नक्को मारो! अंदर मच्छर हैं!"

फवारणीवाल्याने रुमाल खाली केला. "चाचा, उनकेच वास्ते तो आये हम!"

"वो नहीं बाबा! ये सरकारी हैं!"

सरकारी म्हटल्यावर त्याने यंत्र बंद केलं आणि तो पुढच्या गल्लीत गेला.

*

केंद्रात माझ्याकडे आस्थापना होती, म्हणजे सगळ्यांच्या रजा आणि सगळ्यांची सर्व्हिस बुकं. सर्व्हिस बुक म्हणजे सरकारी माणसाची जन्मपत्रिका. रुजू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्याने काय काय केलं ते त्यात लिहिलेलं असतं. रजेच्या बाबतीत माझी ख्याती होती. अर्ज हातात घेतला, की आजार आहे की मेव्हण्याचं लग्न, हे मी शाईच्या रंगावरून सांगायचो. लोक मला घाबरायचे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

आमच्या कचरू शिपायाने एकदा सकाळीच फोन केला. "भाऊसाहेब, मलेरिया झालाय. चार दिवस येत नाय."

मी मॅडमच्या कानावर घातलं. वाटलं, त्या चिडतील. पण मॅडमचा चेहरा असा उजळला, जसा घरात पाळणा हलल्यावर आजीचा उजळतो. आपल्याच केंद्रात मलेरिया! त्यांनी काचपट्ट्या घेतल्या, सुया घेतल्या, मला गाडीत घातलं आणि थेट कचरूचं घर गाठलं.

कचरूच्या घरावर स्लॅब पडत होता. कचरू स्वतः डोक्यावर काँक्रीटची पाटी घेऊन शिडीच्या सहाव्या पायरीवर होता.

"कचरू, या खाली," मॅडम प्रेमाने म्हणाल्या, "स्लाइड काढू या."

कचरू खाली उतरला. सिमेंटचं बोट धुऊन पुढे केलं. मॅडमनी रक्ताचा थेंब घेतला, आम्ही परत आलो, त्यांनी तासभर सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं. मग स्वतः फोन लावला.

"कचरू, अभिनंदन! एकही जंतू नाही. उद्या दहाला या."

त्यानंतर आमच्या केंद्रात एकाही कर्मचाऱ्याला मलेरिया झाला नाही. लोकांच्या कंबरा धरल्या, काविळी झाल्या, दाढा सुजल्या, पण मलेरिया समूळ नष्ट! देशातल्या दुसऱ्या कुठल्या केंद्राला इतकं यश मिळालं असेल असं मला वाटत नाही.

कचरूला मी माझ्या टेबलापुढे उभं करून अर्धा तास सुनावलं. खोट्या आजाराची रजा म्हणजे काय, ती नोंद सर्व्हिस बुकात जन्मभर कशी राहते, वगैरे. कचरूने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

*

हा किस्सा मॅडमनीच सांगितलेला. त्या एका नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या. कुणीतरी ओळख करून दिली, "ही आपली डॉक्टर." झालं! लगेच एक चुलत मावशी पाटावर बसल्या आणि लुगडं वर करून गुडघा पुढे केला.

"मावशी, मी गुडघ्याची डॉक्टर नाही."

"मग कशाची गं?"

"मी डासांचं, हिवतापाचं संशोधन करते."

"म्हंजी डासांची डाक्टर?"

मॅडमना समजावून सांगायचा कंटाळा आला. म्हणाल्या, "तसंच समजा."

मावशींनी गुडघा झाकला, जरा विचार केला आणि काळजीने विचारलं, "मग डासांना काय व्हतं गं?"

"मलेरिया," मॅडम म्हणाल्या.

*

आता आत्याचं सांगतो. आत्या म्हणजे लासूर स्टेशनच्या पुढे, माळावरच्या धनगरवस्तीवरची म्हातारी. सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची, म्हणून आम्हीही. तरुणपणी ही बाई दर साल मेंढरं घेऊन घाटाखालच्या जंगलात जायची आणि दर साल तिथं तिला हिवताप गाठायचा. पुढे मेंढरं कमी झाली, जाणं थांबलं, तापही थांबला. त्याला कित्येक वर्षं झाली. मॅडमना नेमकं असंच रक्त पाहिजे होतं: खूप पूर्वी हिवताप भोगलेलं आणि नंतर कधीच नाही. हे रक्त अजून जंतूला ओळखतं का?

रक्त घ्यायचं तर संमती पाहिजे, संमतीला फॉर्म पाहिजे, आणि फॉर्म वाचून दाखवायला कारकून पाहिजे. म्हणून दर वर्षी मी मॅडमबरोबर जायचो. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात अंगठ्यासाठी शाईची डबी.

पहिल्या वर्षी मी तीन पानं खणखणीत आवाजात वाचली. आत्या ऐकत होती.

"झालं?"

"झालं."

"येवढं तर माज्या जमिनीच्या खरेदीखतातबी नव्हतं रं! रगात किती घेनार?"

"दोन चमचे," मॅडम म्हणाल्या.

"दोन चमच्याला तीन पानं?" आत्याने अंगठा शाईत बुडवला. "आन् माजंच कामून? सुनेचं घ्या की. तिच्यात लई ताकद हाय. नुसती बोलत्ये दिसभर."

सून सुमन आतून ओरडली, "आयकू येतंय बरं का, आत्या!"

अंगठा उठवल्यावर आत्या मॅडमना म्हणाली, "बाई, रगात घ्या. पैसा नको मला. पर एक करायचं. त्यात काय निघालं, ते मला येऊन सांगायचं. डाक्टर लोकं घिऊन जात्यात, सांगाया कुनी येत नाय."

"सांगेन, आत्या. मी स्वतः येऊन सांगेन."

मग दर साली तेच. आम्ही गेलो, की आत्या बाजेवरून विचारायची, "काय निघालं?" मॅडम म्हणायच्या, "बघतोय अजून." आत्या म्हणायची, "बघा, बघा. मी हाये हितंच."

शेवटच्या साली आत्या बाजेवरून उठली नाही. झोपल्या झोपल्याच हात पुढे केला.

"काय निघालं?"

"निघत आलंय, आत्या."

"बिगी बिगी बघा, बाई. आता काय मी लई दिस हितं नाय."

परतताना शहराच्या वेशीवर मॅडम म्हणाल्या, "भाऊसाहेब, पेपर या महिन्यात गेला पाहिजे."

*

पेपर गेला. परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाकडे. अशा ठिकाणी पेपर छापण्याआधी दोन अज्ञात परीक्षक तो वाचतात आणि शंका काढतात. मला हे कळल्यावर त्या परीक्षकांबद्दल आपुलकी वाटली. शंका काढणं हाच माझाही धंदा.

पहिली शंका आमच्या शहराबद्दल होती. संशोधन सुरू झालं तेव्हा शहराचं नाव एक होतं, संपलं तेव्हा दुसरं. पेपरात दोन्ही आलेली. परीक्षकाने विचारलं, "रक्ताचे नमुने औरंगाबादचे आहेत आणि तपासणी छत्रपती संभाजीनगरला झालेली दिसते. एका शहरातून दुसऱ्या शहरात नेताना नमुने बर्फात ठेवले होते का?"

मॅडमनी उत्तर दिलं, "शहर जागच्या जागीच आहे."

दुसरी शंका मात्र हसण्यासारखी नव्हती. ती माझ्याबद्दल होती. "शून्य म्हणून धरलेली व्यक्ती त्याच जिल्ह्यातली, ग्रामीण भागातली आहे. तिला कधीच मलेरिया झाला नाही, हे कशावरून? कागदोपत्री पुरावा द्यावा."

मॅडम हसत हसत माझ्या टेबलाशी आल्या. "सोपं आहे. तुमचं सर्व्हिस बुक काढा. आजारपणाच्या रजांचा उतारा जोडा. मलेरियाची नोंद नाही असं एक पत्र, की झालं!"

त्या गेल्या. मी कपाट उघडलं. माझंच सर्व्हिस बुक काढलं आणि मधलं एक पान उघडलं. काय लिहिलंय ते मला पाठच होतं.

वैद्यकीय रजा, दहा दिवस. कारण: मलेरिया.

खाली पुन्हा, दहा दिवस. मलेरिया.

असे एकूण चार मलेरिया!

*

आता खुलासा करणं भाग आहे. या केंद्रात येण्याआधी मी गावाजवळच्याच एका कचेरीत होतो. तेव्हा लासूर स्टेशनला एक डॉक्टर होते. भला माणूस. प्रमाणपत्र मागितलं, की ते विचारायचे, "किती दिवस?" कसला आजार हे विचारायचे नाहीत, कारण त्यांच्याकडे एकच शिक्का होता, मलेरियाचा. पाच दिवस पाहिजे असले तरी मलेरिया, पंधरा पाहिजे असले तरी मलेरिया. अख्ख्या तालुक्यातले नोकरदार त्या शिक्क्यावर आपापली कामं उरकून आले.

रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं. म्हटलं, सर्व्हिस बुक माझ्याच ताब्यात आहे. 'नोंद नाही' असं पत्र मीच लिहिणार, सही मीच घेणार. परदेशातला परीक्षक काय लासूरला येऊन बघणार आहे का?

बायको म्हणाली, "खोटं कशाला लिहिता? मलेरिया झाला नव्हता, हेच तर खरंय."

"पण झाला होता असं लिहिलंय ना बुकात!"

"लिहू द्या की. तुमच्या मलेरियाला भाकरी बांधून शेतावर मीच नेत होते ना?"

मग भात वाढता वाढता म्हणाली, "आन् त्या कचरूला काय काय बोलला होता तुम्ही?"

*

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हिस बुक मॅडमच्या टेबलावर ठेवलं, पान उघडलं आणि उभा राहिलो. बसायचं धाडस झालं नाही. मला निवृत्तीला तीन महिने होते, मॅडमना आठ. माझ्यावर चौकशी लागली असती, ते एक. पण शून्यच खोटं ठरलं, तर त्यांचे सगळे आकडे कोसळणार. मग नवा माणूस शोधा, नव्याने मोजा. त्यात दोन वर्षं जाणार. आत्याकडे दोन वर्षं नव्हती.

मॅडमनी पहिली नोंद वाचली. दुसरी वाचली. चष्मा पुसला. तिसरी, चौथी. मग पेन घेऊन प्रत्येक नोंदीच्या तारखेखाली एक एक ठिपका काढला. त्यांची ही सवय होती. आकडे दिसले, की ठिपके.

"फेब्रुवारी," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारी. फेब्रुवारी. आणि हाही फेब्रुवारी."

मी ठिपके मोजले. चारच होते.

"आपल्याकडे फेब्रुवारीत मलेरिया जवळजवळ नसतोच, भाऊसाहेब. मलेरियाचे डासच नसतात."

"होय मॅडम."

मॅडम खुर्चीला टेकल्या. सोळा वर्षांत मी त्यांना ऑफिसात गावच्या बोलीत बोलताना ऐकलं नव्हतं. बाई मूळची गंगापूर तालुक्यातली, शेतकऱ्याची लेक, हे आम्ही जवळजवळ विसरून गेलो होतो.

"ज्वारी?" त्यांनी विचारलं.

"व्हय मॅडम."

"किती एकर हुती?"

"चार."

"मजूर मिळत नव्हते?"

"नव्हते."

मॅडमनी बुक मिटलं. "हे सगळं असंच्या असं लिहून द्या. सहीनिशी. मी इंग्रजी करून पाठवते. नको वाटत असेल, तर मी पेपर मागे घेते. तुमच्यावर सक्ती नाही."

मी माझ्या टेबलावर आलो आणि लिहायला बसलो. आयुष्यात हजारो पत्रं लिहिली, पण एवढी साधी भाषा कधी वापरली नव्हती. "मला मलेरिया कधीही झालेला नाही. सर्व्हिस बुकातील चारही मलेरिया खोटे आहेत. त्या काळात मी स्वतःच्या शेतात ज्वारी काढत होतो." सही केली. कार्यालयातून जाणारा कागद जावक क्रमांकाशिवाय जात नाही, हा माझाच नियम. तेव्हा माझ्याच कबुलीजबाबाला मीच क्रमांक टाकला, आणि नियमाप्रमाणे एक प्रत संचालक साहेबांना.

प्रत घेऊन गेला कचरू. आतून परत आला तेव्हा त्याने ती वाचलेली होती, हे त्याच्या चालीवरून कळलं. दुपारी माझ्या टेबलावर चहा ठेवताना हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, माजा तर नुसता स्लॅब हुता. तुमचं चार एकर!"

*

तीन दिवसांनी संचालक साहेबांनी बोलावलं. साहेब बडे, शिस्तीचे, वर्षभराने निवृत्त होणारे. माझा कागद त्यांच्यापुढे होता. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. खिडकीबाहेर बघितलं.

"हे जे लासूरचे डॉक्टर..." ते म्हणाले.

"जी साहेब."

"अजून बसतात का दवाखान्यात?"

"वारले साहेब. पाच-सहा वर्षं झाली."

"अरेरे!" साहेब म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. मग पेन उचलून माझ्या कागदावर शेरा मारला: चाळीस दिवस अर्जित रजेतून वळते करावेत. दप्तरी दाखल. म्हणजे चौकशी टळली.

परदेशातल्या परीक्षकाचं समाधान झालं. त्याने एवढंच विचारलं, की ज्वारी म्हणजे काय आणि तिच्यासाठी माणसाला आजारी का पडावं लागतं? मॅडमनी उत्तरादाखल एक परिच्छेद लिहिला. सगळ्या प्रकरणात मला कळलेला तेवढा एकच परिच्छेद.

*

पेपर छापायला स्वीकारल्याचं कळलं त्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "गाडी काढायला सांगा."

"उद्या गेलं तर, मॅडम? साडेतीन वाजलेत."

"आत्ता."

आत्या बाजेवर होती. आणखी बारीक झालेली, पण डोळे तेच. आमची चाहूल लागली तशी तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"काय निघालं?"

या वेळी मॅडम खाली जमिनीवर बसल्या, बाजेला टेकून. "सांगायलाच आले, आत्या. तुम्ही मेंढरं घेऊन जंगलात जायचात, तेव्हा दर साल हिवताप यायचा ना?"

"यायचा की! गोधडीत मावायची नाय मी, आशी थरथरायची."

"तो ताप तुमचं रक्त अजून विसरलेलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी तो जंतू आज समोर आला, तर तुमचं रक्त त्याला तोंडावरून ओळखेल."

आत्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आन् ह्याचं?"

"ह्यांच्याच रक्ताशी तर तुमचं ताडून बघितलं. ह्यांच्या रक्ताने तो जंतू कधी बघितलाच नाही. समोर आला, तरी ओळखता यायचं नाही."

"आजाबात नाय?"

"अजिबात नाही."

आत्याने सुनेला हाक मारली. "सुमे, आयकलं का? माजं रगात शिकल्यालं हाय. आन् ह्यो दर साली मला तीन तीन पानं वाचून दावतो, त्याचं अडानी!"

सुमन पदराआड हसली. मॅडमही हसल्या आणि मग काही कारण नसताना चष्मा पुसू लागल्या.

मी आपलं काम काढलं. संशोधनाचा निष्कर्ष संबंधित व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगितला, अशी एक पोच घ्यावी लागते. एकच पान. मी ते खणखणीत आवाजात वाचलं, शाईची डबी उघडली आणि बाजेपाशी जाऊन आत्यापुढे धरली.

आत्याने बोटाने ती डबी हळूच माझ्याकडे सारली.

"आदी ह्याचा अंगठा घ्या."